भिमाबाईंनी न वाचलेलं नाव

आजच्या सभेचे अध्यक्ष, पंचायत समितीचे सभापती माननीय रामराव. व्यासपीठावरचे शिक्षण विस्तार अधिकारी चिंतामणराव साहेब. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते भालचंद्र गुरुजी आणि सौ. सुहासिनीताई, आणि समोर बसलेल्या माझ्या गावकऱ्यांनो, मायमाउल्यांनो,

कारभारी, माइक थोडा वर करा. राहू द्या, नाही केला तरी चालेल. आज माझा आवाज असाच रोहिणखेडपर्यंत जाईल!

गुरुजी पुण्याहून आपल्या गावी आले आणि त्याच हिवाळ्यात प्रौढांचे साक्षरता वर्ग निघाले. गावातलं एकूणएक प्रौढ माणूस वाचायला शिकलं, तरच गाव साक्षर म्हणून जाहीर होणार होतं. गडीमाणसं आली. म्हाताऱ्या बायाही आल्या, पदर ओढून बसल्या आणि गप्प राहिल्या. गुरुजी विचारायचे, "हे कोणतं अक्षर, आजी?" आजी जमिनीकडे बघायच्या. गुरुजींना वाटलं, यांना काहीच येत नाही.

मग एकदा ते माझ्याकडे आले. त्या वेळी माझ्या बायकोचा, आमच्या भिमाबाईंचा, तोंडाचा पट्टा सुरू होता. "तुमाले किती डाव सांगतलं, गोठ्याचं दार लावत जा म्हून! कानात कापसाचे बोये घातले का?" गुरुजी दारातच उभे राहिले. म्हणाले, "माणिकराव, या तर बोलतात!" मी म्हटलं, "बोलतात? गुरुजी, थांबत नाहीत!"

हसा, हसा. ती पण हसून राह्यली, बघा.

गुरुजींनी तिला विचारलं, "मग वर्गात का बोलत नाही?" ती म्हणाली, "तुमची भाषा सायबाची हाय मास्तर. आमी तोंड उघडलं का लोकं हासतात." मंडळी, खोटं आहे का हे? सभेत मी तुमच्यासमोर 'मला' म्हणतो, आणि घरात पाय ठेवला की 'मले'. आपल्या घरोघरच्या म्हाताऱ्या माणसांना तर एकच बोली येते, आणि तिच्यावरच मोठ्या गावची माणसं हसतात.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी वर्गात सांगितलं, "आजपासून मी तुमच्या बोलीत बोलणार. हसायचं तर तुम्ही मला हसा." आता यांनी वऱ्हाडी शिकली कुठं? धामणगाव बढ्याच्या बाजारात, गाडीवाल्यांपाशी! आमच्या भिमाबाईंसमोर उभे राहून मोठ्या प्रेमानं म्हणाले, "काऊन बे, पाटी कुठं हाय?"

आईच्या वयाच्या बाईला 'बे'! मग वच्छलाबाई तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "मास्तर, बे गड्याले म्हंतात, बाईले नाई!" आणि जो हशा उसळला! त्या दिवशी सगळ्या आज्या बोलत्या झाल्या. त्या गुरुजींना बोलायला शिकवत, गुरुजी त्यांना वाचायला.

आता परीक्षेचा दिवस सांगतो. चिंतामणराव साहेब, तुम्ही स्वतः आला होता, काही चुकलं तर टोका. सगळं गाव पास झालं होतं. उरली होती एकटी भिमाबाई. तिनं वाचलं नसतं तर गाव साक्षर व्हायचं राहिलं असतं, आणि तिला जन्मभर ते खुपलं असतं. मी मागं बसून सगळं बघत होतो. साहेबांनी पुस्तक उघडून धडा दिला. पहिलीच वाक्यं होती, 'माणिक बाजारात गेला. त्याने गूळ आणला.'

माझं नाव! आता आपल्याकडची म्हातारी बाई नवऱ्याचं नाव तोंडावाटे काढेल का? ती थांबली. साहेब म्हणाले, "वाचा." गुरुजींचा चेहरा उतरला. माझ्या मनात आलं, आईबापांनी माझं नाव दुसरं काही ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं!

आणि मग ती ठणकावून वाचती झाली. "आमच्या घरचे बजारात गेले. त्याइनं गूय आनला." आणि पुस्तकावरून डोळे काढून साहेबांना म्हणाली, "पन खरं सांगू का सायेब, आजवरी कधीच आनला नाई!"

साहेब म्हणाले, "बाई, पुस्तकात असं लिहिलेलं नाही." तेव्हा गुरुजी पुढं झाले. "साहेब, यांच्या यजमानांचं नाव माणिकराव. तो शब्द वाचता आला नसता, तर यांना तो टाळता कसा आला असता?" साहेब खदाखदा हसले. भिमाबाई पास! गाव पास! गुरुजी, तुम्ही शर्टाच्या बाहीनं डोळे पुसलेत, ते मी पाहिलं होतं.

आणि आज? गुरुजींना निरोपाचे दोन शब्द सांगायचे म्हणून भिमाबाईंनी या सभेच्या समितीकडे विचारणा केली. समितीनं काय ठरवलं? पाहुणे मोठे आहेत, तिची बोली बरी दिसणार नाही, माणिकरावांनाच बोलू द्या. कारभारी, खाली बघू नका, तुमचा हेतू वाईट नव्हता. पण मला हे पटलं नाही. ज्या बोलीपायी गुरुजी आमच्या हसण्याचे धनी झाले, त्याच बोलीत त्यांना निरोप द्यायला आम्ही लाजायचं?

अध्यक्षमहाराज, माझा उरलेला वेळ मी माझ्या बायकोला देतो. ऊठ वो, ये वर. भेऊ नको.

ती येईपर्यंत आपले सगळ्यांचे आभार मानतो. माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. तिच्या बोलण्यात मात्र कोणी काही सुधारायला उठू नका.