ताजबींची न्हाणी आणि आमचा बुधवार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आम्हा निम्म्या जुन्नरकरांना छड्या मारून शहाणं करणारे निवृत्त हेडमास्तर माननीय भगवंतरावजी, महिला मंडळाच्या प्रमुख कुशाबाई, मानाच्या खुर्चीत अवघडून बसलेल्या सत्कारमूर्ती ताजबी, त्यांचे बंधू अन्सारभाई, जमलेले समस्त गावकरी, आणि ओतूर, राजुरी, नारायणगावाहून खास एस.टी.नं आलेल्या माताभगिनींनो,

मी फतेचंद. पेठेत माझं स्नो, पावडर, साबणाचं दुकान आहे. ताजबी आपली बायकांची न्हाणी बंद करून लेकीकडे कल्याणला राहायला चालल्या आहेत. त्यांच्या निरोपाला मी बोलायचं म्हणजे सवतीच्या हाती नारळ द्यायचा आणि वर तिचे गुण गायचे! पण कुशाबाईंनी गळ घातली, "शेठ, तुमी तोंडाला लावायचा माल इकता, तुमालाच कातडीतलं कळतं. न्हाणीचं फायदं सांगा." सांगतो. बाईमाणसाचा शब्द मोडायची आमच्या घराण्यात छाती नाही.

आपल्याकडची थंडी तुम्ही जाणताच. मार्गशीर्ष लागला की ओठ फुटतात, गाल तडकतात, टाचांच्या भेगांत चवलीचं नाणं ठेवलं तर सापडायचं नाही. घरी आपण काय करतो? चार तांबे भसाभस ओततो, वजरीनं खसाखसा घासतो आणि कामाला लागतो. ताजबींकडे आधी कोमट तेल अंगात जिरवतात. मग वाफ. घाम सुटून अंग मऊ पडलं की मसुरीचं पीठ, संत्र्याची साल, आंबेहळद दुधात कालवून हलक्या हातानं चोळतात. कुणाची कातडी कोरडी, कुणाची तेलकट, कुणाला हळद सोसत नाही, हे बघून प्रत्येकीचं उटणं वेगळं. आपण पुरुष दाढीला न्हाव्याकडे जातो, मग बाईनं आपली कातडी जाणत्या हाती का देऊ नये? बायकांची मुरमं गेली, खाज गेली, बाळंतिणींचे चेहरे उजळले. हे सगळं मला ठाऊक, कारण माझी पत्नी झमकूबाई दर बुधवारी तिथं जाते. आम्हा पुरुषांना त्या दारापुढं रेंगाळायचीही सोय नाही.

आता स्पष्टच बोलतो. मला या न्हाणीचा हेवा वाटतो. माझे स्नोचे डबे फळीवर वाळून गेले, त्याचं मी सोसलं. व्यापारात खालीवर व्हायचंच. पण दर बुधवारी दुपारी मी गल्ल्यावर बसून बघायचो. झमकूबाई तीनचौघींबरोबर परत यायची, चेहरा तुकतुकीत, केस ओले, आणि हसणं असं की पेठेतले बैल वळून बघावेत. आमच्या पायरीपाशी आली की हसणं बंद. पदर डोक्यावर, आणि मला विचारणार, "वाढू का?" सांगा मंडळी, नवऱ्यानं जळू नये तर काय करावं?

मग मी चंग बांधला. घरातच शहाबादी फरशीची न्हाणी केली. तांब्याचा बंब आणला, उटण्याचं सामान आणलं, चोळायला गोजरबाईला ठेवली. झमकूबाई न्हाली, चेहरा तसाच उजळला. मी आपला बाहेर कान देऊन उभा. आत फक्त पाण्याचा आवाज! आणि बुधवारी बाईसाहेब पुन्हा निघाल्या. मी म्हटलं, "आता घरी काय कमी आहे?" तर म्हणाली, "काही नाही. घरी मी एकटी आहे, एवढंच."

तरी मी हटलो नाही. ताजबींकडे निरोप धाडला, दुप्पट घ्या पण घरी या. त्यांनी उलट सांगून पाठवलं, "शेठ, तेल घेऊन येता येतंय, न्हाणी उचलून आणता येत न्हाई. बाई हितं येती तवा घर बाहीर ठिवून येती." या उत्तरानं मला कितीतरी बुधवार जेवण गोड लागलं नाही.

काल मी अन्सारभाईंच्या घरी समारंभाची वेळ कळवायला गेलो होतो. ताजबी भेटल्या. मनाचा हिय्या करून विचारलं, "जाता जाता एवढं सांगा, आमची बायको तिथं एवढी हसते कशाला?"

ताजबी म्हणाल्या, "शेठ, रागावणार न्हाई ना? ती तुमचीच नक्कल करती. गिऱ्हाईकानं साबण महाग म्हनला की तुमी कसं छातीवर हात ठिवता, 'बाई, घरातला माल घरात देतोय' म्हनता, आन् गिऱ्हाईक पायरी उतरून गेलं की मान लांब करून कसं हाका मारता. लई हुबेहूब! राजुरीची एक म्हातारी हसता हसता घंगाळात बसली व्हती."

मला राग यायला हवा होता. आला नाही. भलतंच पोटात दुखू लागलं. नक्कल माझी, बायको माझी, आणि बघणार सगळा तालुका! राजुरीच्या म्हातारीनं पाहिली, ओतूरच्या बायांनी पाहिली, मलाच तेवढी कधी दाखवली नाही. त्या म्हातारीचाही मला हेवा वाटतो, मंडळी, छातीवर हात ठेवून सांगतो...

झालं! हात आपसूक तिथंच गेला, आणि बघा बायकांच्या बाजूला काय हसू उसळलंय. तिसऱ्या रांगेत झमकूबाई आहे. पदराचा बोळा तोंडात कोंबलाय तरी आवरेना. संसाराला एवढी वर्षं झाली, हे हसू मी आज पहिल्यांदा समोरून बघतोय.

ताजबी, तुमचे उपकार मानतो. मंडळानं बोलावलं, तुम्ही ऐकून घेतलंत, सगळ्यांचा ऋणी आहे. जळक्या तोंडानं काही वावगं बोललो असेन, तर दुकानदाराची जीभ म्हणून पदरात घ्या. अध्यक्षमहाराज मघापासून खाली बसायची खूण करताहेत. बसतो, मास्तर. पण तिचं हसणं थांबेपर्यंत तरी मला इथं उभं राहू द्या.