पोफळीचा साकव

वजनाचं गणित माणसाच्या चालीवर सोडवलेलं मी एकदाच पाहिलं, मुरुडला. तीस सालच्या सुमाराची गोष्ट. इंजिनियरिंग कॉलेजात दोन वर्षं आम्ही नुसतं फळ्यावरचं उतरवून घेत होतो. मग आमचे एक प्राध्यापक आम्हा सहाजणांना बोटीने मुरुडला घेऊन आले आणि म्हणाले, "या ओहोळावर साकव बांधा. मी काही सांगणार नाही."

पोफळीची खोडं टाकून चार दिवसांत साकव झाला. गणित माझं, म्हणून सर म्हणाले, "पहिल्यांदा तू चाल." माझे पाय उचलेनात.

तेवढ्यात पलीकडून मासळीची पाटी डोक्यावर घेतलेली कोळीण सरळ साकवावर चढली. खाली भरतीचं पाणी असं चमकत होतं, की ती उन्हावरूनच चालत येतेय असं वाटावं. मधोमध थांबून तिने पाय दाबून पाहिला.

"पोरा, हितं वाकतंय रं. खालून टेकू दे."

आता सर रागावणार, असं मला वाटलं. त्यांनी कोट काढून माझ्या हातात दिला, कमरेएवढ्या पाण्यात उतरले आणि वर पाहून म्हणाले, "बाई, नक्की कुठं, ते पायानं दाखवा."