सुट्या पानांचा कौल

नाही नाही, मिठाई असती तर आधी तुमच्याच पुढे धरली असती — पुस्तक आहे हे. खरंच. मलाही मिठाईचाच डबा वाटला होता. लेकीनं आणलं, पारीसानं — कवितांचं म्हणे, पण शिवणच नाही, सगळी पानं सुटी, पत्त्यांसारखी पिसायची आणि हाताला लागेल ते वाचायचं. मी म्हटलं, बांधणीवाला मध्येच पळाला की काय? — तुमचं कोण आहे आत, खानम? भाऊ? माझे मालक आहेत, नोसरत. हृदयाचं ऑपरेशन. सकाळीच नेलंय. ते दार हललं की मान तिकडे वळते, नाही हललं तरी वळते.

आता झालं काय — आपण शिराझची माणसं, लग्न असो, प्रवास असो, थोरल्या कवीच्या ग्रंथाचा कौल घेतल्याशिवाय पाऊल उचलतो का? तुम्हीही घेतला असेलच. मनात प्रश्न धरायचा, डोळे मिटून पान उघडायचं. पण यांना इथं आणायच्या गडबडीत ग्रंथ राहिला घरी, आणि डॉक्टर म्हणाले कापावं लागेल — मला धीरच निघेना. पारीसा चहा आणायला गेलेली, तिच्या पिशवीत हा डबा. म्हटलं, कविता ती कविता. डोळे मिटले, ‘हे घरी येतील ना?’ एवढंच विचारलं आणि पान उचललं. काय निघावं? ‘खुर्चीवर कोट. कोट अजून गरम. माणूस —’ बस्स. पुढे कोरं. उलटून पाहिलं, मागेही कोरं. आणि पुन्हा विचारायची सोय नाही, तुम्हाला ठाऊकच आहे — एकदा विचारलेलं परत विचारलं की कवी रागावतो.

ते पान मी यांच्याच कोटाच्या आतल्या खिशात कोंबलं. पारीसाला नाही सांगितलं, कुणालाच नाही, तुम्हीच पहिल्या. पण डबा काही खाली ठेववेना. म्हटलं, आता विचारायचं काही नाही, नुसतं वाचायचं — नुसतं वाचलं तर कोण रागावणार? एका पानावर वांगं रुसलंय, का तर सगळे चव विचारतात, जांभळं का झालंस ते कुणी विचारत नाही. यमक नाही, ताल नाही, आणि मी आपली डोक्यावरच्या चादरीचं टोक तोंडात कोंबून हसतेय. दुसऱ्यावर एकच ओळ — ‘आई, मीठ कुठं ठेवलंस?’ — आणि मी ढसाढसा रडले, माझी आई जाऊन जमाना झाला. मग यांना वाचून दाखवायला लागले. जन्मभर फालुदा विकलेला माणूस, वर्तमानपत्र घेतलं ते गल्ल्यावर अंथरायला — वांग्याचं पान पुन्हा पुन्हा वाचायला लावलं, एवढे हसले की नर्स ओरडायला आली. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही दोघांनी मिळून काही वाचलं नव्हतं हो. भीती तर पाठ सोडत नव्हती, पण दुपार झाली की मला डब्याची ओढ लागायची. लाज वाटायची — नवरा खाटेवर, आणि बायकोला मजा येतेय.

आणि आज न्यायच्या वेळी कोट माझ्या हातात दिला आणि म्हणाले, ‘खिशातलं पान वाचलं मी.’ काल गारठा वाटला म्हणून अंगावर घेतला होता ना, तेव्हा सापडलं असणार. हे आपले शांत. म्हणाले, ‘त्यात घाबरायचं काय? तो माणूस खाली नान आणायला गेलाय. लांब जायचं असतं तर कोट घालून गेला असता.’

बरोबर आहे ना, खानम? लांब जाणारा माणूस कोट घालतोच. आणि आता तर थंडी आहे. पारीसा म्हणाली, आई, तो खुंटीला लाव, किती वेळ धरून बसशील? कसा लावू? गार झाला तर? तेव्हापासून मांडीवरून हलवलेला नाही, पायांना मुंग्या आल्यात — 

दार उघडलं. नोसरत म्हणाले का ते? हो, मीच, मीच त्यांची, येते, थांबा जरा. खानम, डबा धरा. नाही, कोट नको, कोट राहू दे माझ्याकडे. नुसता हात लावून बघा — गरम आहे ना? सांगा ना.