लग्नातला टर्की

वाहाका प्रांतातल्या आमच्या गावी मक्याच्या गिरणीसमोर रांगेत दोघी कोमाद्रे, म्हणजे जिवाभावाच्या मैत्रिणी, माझ्यापुढे होत्या.

"फेलिसितास, तुझ्या मानलेल्या लेकीला लग्नात दिलेला टर्की कोंबडा घरचाच ना गं?"

"नाही कोमाद्रे. घरचे रोगाने मेले. शहरातून पिंजऱ्यातला आणला आणि सांगितलं, रानात चरून, मका नि टोळ खाऊन वाढलाय."

"मग?"

"टर्कीच्या नाचाआधी अंगणात सोडला, तर गवतात पाय टाकेना. पोरींनी टोळ टाकला, तर घाबरून माझ्याच घागऱ्यात शिरला."

"अगं बाई! लेकीची सासू काय म्हणाली?"

"म्हणायचं काय, रिवाजाप्रमाणे त्याला खांद्यावर घेऊन नाचली. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

"कापला का?"

"कुठला! म्हणते, आधी बिचाऱ्याला चरायला शिकू दे. रोज परड्यात बसून गवत दाखवते त्याला. हल्ली मी त्या गल्लीतून जातच नाही."