तंबू पडू दिला न्हाय

माझं नाव परशराम, गाव खानापूरच्या अंगाला, जंगलाला लागून, भात आन् काजू, दुसरं काय न्हाय. आमच्या घरातनं फौजेत गेलेला मीच पयला. बेळगावात भरतीला गेलतो तवा छाती फुगवून उभा ऱ्हायलो, वाटलं बंदूक देतील, तर त्येनी मला लष्कराच्या दवाखान्यात घातलं, जखमी उचलायचं, पट्टी बांधायची, सुई द्यायची. सुट्टीला आलो की गावातली पोरं हसायची, परशा लढाईला जातोय का बाळंतपणाला, म्हनायची. आई तेवढी म्हनायची, कुनाचा तरी लेक वाचवतोस न्हवं, मग झालं.

काय सांगू तुमाला, एकाहत्तरची लढाई लागली आन् आमचं युनिट पूर्वेला गेलं, बंगालात. दवाखाना म्हंजे काय, तंबू ओ, नुसतं तंबू. फौज पुढं सरकली की आमी खुंट्या उपटायच्या, तंबू गुंडाळायचं, गाडीत घालायचं, पुढं जाऊन परत ठोकायचं, आन् ठोकतोय तवर जखमी दारात. तिकडली जमीन मऊ, वली, आपल्या हितल्यागत खुंटी घट्ट धरायची न्हाय. आमचे सर्जन मेजरसाहेब केरळचे, लई कमी बोलायचे. आन् आचारी बीरसिंग गढवालचा, त्यो भात बी करायचा आन् माणूस कमी पडलं की स्ट्रेचर बी उचलायचा. शत्रूचं जखमी सापडलं तर त्येनला बी आमीच बगायचो, साहेबांचा हुकूमच हुता, तंबूच्या आत आला त्यो पेशंट, भाईर कोन बी असू दे.

तर एक दिवस दुपारच्याला एक जवान आणला, पोटात तोफेच्या गोळ्याचा तुकडा. शुद्ध न्हवती, नुसतं अव्वा, अव्वा करत हुता, कानडीत आईला हाका मारत हुता. मी दचकलोच, म्हनलं ह्यो आपल्याकडला. कानडीत इचारलं, यावूरप्पा, म्हंजे गाव कुठलं रं, तर डोळं न उघडताच म्हनला, निप्पाणी. त्यो पारिसा, जैनाचा, घरची तंबाखूची शेती. म्या त्येला म्हनलं, मी बेळगावचा हाय, आता तू भिऊ नगंस.

साहेबांनी त्येचं पोट उघडलं आन् तवाच जवळ गोळा पडला. कानठळ्या बसल्या, तंबूचा मोठा खांब कडाकड मोडला आन् समदं छत खाली याया लागलं. साहेबांचं दोनी हात पारिसाच्या पोटात. मान बी वर केली न्हाय त्येनी, एवढंच म्हनले, छत पकडो, मेरे हाथ खाली नहीं हैं. म्या हात वर करून कापड धरलं. बीरसिंग हातात भात वाढायचा डाव घेऊन तसाच पळत आला, डाव टाकला आन् दुसरी बाजू धरली. वलं कापड लई जड वो, खांदं निखळत्यात का काय असं झालं, आन् तिसरा कोपरा टेबलावर खाली येतोय. तिथं शत्रूचा एक जखमी बसला हुता, एक हात पट्टीत. त्येला कुनी उठ म्हनलं न्हाय. त्यो आपला उठला आन् चांगल्या हातानं त्यो कोपरा उचलून धरला. परत गोळा पडला, माती अंगावर आली, पण कुनी हात सोडला न्हाय. शेवटचा टाका पडला, साहेब म्हनले, हो गया, आन् खाली भुईवरच बसले. मग त्येनी आपल्या मगातला चा त्या कैद्याला दिला.

पुढं थोड्याच दिवसांत शत्रूनं शस्त्रं खाली ठेवली. रेडिओवर ऐकलं आन् काय सांगू, हातापायाला पट्ट्या बांधलेलं जखमी बी जेवणाच्या थाळ्या वाजवाया लागलं. पारिसा पडल्या पडल्याच हसत हुता, आन् टाकं दुखत्यात म्हनून मलाच शिव्या देत हुता.

त्यो घरी आला तवा आईला घेऊन आमच्या गावाला आलता. म्हातारीला मराठी येत न्हवतं. तिनं माझं हात धरलं आन् आपल्या डोळ्यांवर ठेवलं. तवापासनं त्येच्या घरात माझ्याबगर कार्य होत न्हाय.

आता मेजरसाहेब गेले, बीरसिंग बी गेला. मला दिसतंय कमी, पारिसा ठार बहिरा. मागच्या महिन्यात निपाणीला त्येच्या पणतीचं बारसं हुतं. घरात पाय ठेवाया जागा न्हाय, लेक, सुना, नातवंडं, समदी त्या दिशी शिवलेल्या एका पोटामागची. कानात नाव सांगायचा मान आत्याचा अस्तोय, पण पारिसा वरडला, पयला मान परशरामअण्णाचा. माझ्या मांडीवर पोरगी दिली. म्या तिच्या कानात सांगितलं, विजया, तर ती एवढ्या मोठ्यांदा रडली की बहिऱ्या पारिसाला बी ऐकू आलं, आन् त्यो लागला हसाया. म्या म्हनलं, रड बाई, चांगलं मोप रड, आन् लई वर्सं जग.