सात किलोंची मुभा

हलक्या बॅगेचं कौतुक मला नको सांगूस रे. गिरण्यांच्या संपाला दोन वर्षं झाली होती, तेव्हा मी दुबईला निघालो. विमानात हातातल्या बॅगेला सातच किलो चालतात, म्हणून बाबांनी लालबागभर फिरून सगळ्यात हलकी बॅग आणली. आई घाबरलेली. "जास्त भरली तर विमानतळावरचा साहेब सगळ्यांसमोर उघडायला लावेल." रद्दीवाल्याकडून काटा आणला. होतं नव्हतं ते भरून वजन साडेतीन किलो!

"अजून काय घालू?" आई घरभर बघत राहिली.

बाबांनी फळीवरचा त्यांचा गिरणीत न्यायचा जेवणाचा डबा काढला, पुसला आणि बॅगेत ठेवला.

"अहो, गिरणीचा भोंगा परत वाजला की तुम्हाला लागेल ना!"

बाबा चेन लावत म्हणाले, "आता हाच जाईल कामाला."