गाऱ्हाण्यात राहून गेलेलं पाणी

आमची वाडी रत्नागिरीच्या डोक्यावर, सड्याच्या कडेला, म्हणजे उघडा माळ, पायाखाली सगळा जांभा दगड, पहार मारली तर पहार वाकेल. आई मला वर्षाचा टाकून देवाघरी गेली आणि वाढवलं ते थोरल्या भावाच्या बायकोनं, आमच्या वैनीनं. एका कडेवर मी, दुसऱ्या कडेवर कळशी, अशी ती खालच्या पऱ्यावरनं घाटी चढायची, आणि पऱ्या म्हणजे काय, दगडांतून वाहणारा एवढासा ओढा. वैनी म्हणते कळशी हलकी होती, तूच जड. डोकं तेवढं रिकामं होतं, ते पुढं कळेलच तुम्हाला, गुरुजी, लिहून घेताय तर.

बापाकडून मला दोन गोष्टी आल्या, मोठा आवाज आणि गाऱ्हाणं घालायचा मान. आमच्याकडे कुठलंही काम निघालं की आधी नारळ ठेवायचा, देवाला हाक मारायची, काय हवं ते एकेक सांगायचं, आणि प्रत्येक सांगण्यावर वाडीनं एका सुरात बोलायचं, व्हय म्हाराजा. मधेच कुणी नाय म्हाराजा बोललेला मी ऐकला नाही. तसं बोलायचंच नसतं. आणि त्यात मी दोन वर्षं मुंबईला गिरणीत काढून आलेला, येताना काय आणलं तर काळी टोपी आणि वाचायची खोड. बिडीच्या पुड्यावरचं नाव वाचलं तरी चारजणांना ऐकू जाईल असं वाचायचं.

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. शहर वर सरकायला लागलं होतं, तेव्हा निरोप आला की सड्यावरच्या वाड्या शहरात धरायच्या, साहेब नकाशा घेऊन येणार, आधी काय पाहिजे ते लोकांनीच सांगायचं. आम्हाला कोण विचारतंय, याचंच अप्रूप. आदल्या दिवशी देवळात वाडी बसली. वैनी मागून बोलली, आधी पानी, मग तुमचं काय ते. सगळ्यांना पटलं. हसनचाचा, आमचे खालच्या अंगाचे शेजारी, जहाजावर जन्म काढलेले, तेही बोलले, चारी बाजूला दर्या बघितला बाबा, पण पानी नाय म्हणजे काय ते तुमच्या बायकांना विचारा. बोलायला मला नेमला. आवाज माझा मोठा ना.

साहेब आला, भला माणूस, खुर्ची दिली तरी आधी म्हाताऱ्यांना बसा म्हणाला. जाणती माणसं बोलली, नवं काम आहे, गाऱ्हाणं झाल्याशिवाय सुरू करायचं नाही. साहेब बोलला, घाला की. मी नारळ ठेवला, आणि काय सांगू तुम्हाला, समोर टेबलावर त्याचा कागद होता, कामांची यादी, छान मोठ्या अक्षरांत, आणि माझी खोड आडवी आली. बा देवा म्हाराजा, म्हटलं, आज ह्या वाडीत मोठा रस्ता येतोय तो बरा येऊ दे. व्हय म्हाराजा. रस्त्याला दिव्याचे खांब येतायत ते उभे राहू देत. व्हय म्हाराजा. शाळेची इमारत येतेय. व्हय म्हाराजा. अंगात आल्यासारखा वाचत सुटलो. पाणी यादीत तळाला होतं, त्याच्यापुढं सवडीने असं लिहिलेलं. देवाला सवडीने कसं सांगायचं, म्हणून ते मी गाळलं. पाण्याचं मागाहून वेगळं बोलू, असा माझा हिशेब.

मागाहून बोलायची वेळ आलीच नाही. साहेब खूश, एवढी एकमुखी वाडी मी पाहिली नाही म्हणाला, कारकुनानं लिहून घेतलं, रस्ता आधी, सर्वांची संमती. माझ्या पाठीवर थाप पडली. बायकांतनं वैनी उठली, बोलली, भावजी, पानी? आणि मी, तिच्या कडेवर वाढलेला, तिला हातानं खाली बस केलं. थांब गो, येतंय ते. मग झोकात सही ठोकली. बाकीच्यांचे अंगठे माझ्या सहीखाली.

रस्ता झाला. चांगला झाला, खोटं कशाला बोलू, तुमची सायकल येते ती त्याच्यावरनंच. पण खोदलेला सगळा जांभा घाटीवर लोटला, पऱ्याची जुनी पायवाट गेली, बायका सुट्या दगडांवरनं उतरायला लागल्या. पहिल्याच शिमग्यानंतर वैनी कळशीसकट घरंगळली. मांडीचं हाड मोडलं, ते जुळलं पण वाकडं. तेव्हापासून ती ओट्यावर बसून असते, समोर रस्ता. तिचं पाणी मी आणतो. बायका पऱ्यावर हसायच्या, आले बघा साहेब, सही करून भरा कळशी.

आता परवा पुन्हा निरोप आलाय, नवे साहेब येणार, पुन्हा विचारणार. मी वाडीला बोललो, दुसरा कुणी बघा. तर वैनीच बोलली, त्यालाच घालू द्या गाऱ्हाणं, काय राह्यलंय ते त्यालाच ठावं. म्हणून आज सकाळी तिच्यापुढं उभं राहून घालून बघितलं. बा देवा म्हाराजा, आमच्या वाडीला आधी पानी दे. आणि थांबलो, ती व्हय म्हाराजा बोलेल म्हणून. तर ती बोलली, आजची कळशी भरलीस काय रे?

नव्हती भरली. तेव्हा उठतो, गुरुजी, ऊन खाली उतरलंय. देव तुमचं बरं करो. हे लिहिलेलं वैनीला कधी वाचून दाखवलंत, तर तेवढं पाण्याचं आधी वाचा.